टोमॅटो तडकले, त्याची गोष्ट

2023 च्या जुलैत टोमॅटोने किलोला दीडशे ओलांडले, तेव्हा आमच्याकडे आमटीत कोकम आणि भाजीत चिंच सुरू झाली. एकदा जेवताना हे सहज म्हणाले, "एवढी गच्ची आहे डोक्यावर, चार रोपं लावता येणार नाहीत का?" मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बियांची दोन पाकिटं घेऊन आले.

आम्ही नेरूळला राहतो. सिडकोची जुनी चार मजली इमारत, त्यात सगळ्यात वरचा मजला. लिफ्ट नाही. गच्ची सगळ्यांची आहे, पण आता वर कोणी फिरकत नाही. पापड-कुरडया वाळत घालायचे दिवस गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "गळती झाली तर तुमच्याच घरात होणार आहे, लावा खुशाल." ते खरंच होतं.

रंगाच्या रिकाम्या 20 लिटरच्या दहा बादल्या मिळाल्या. बुडाला तापलेल्या सळईने भोकं पाडली. माती, शेणखत, कोकोपीट भरलं. बियांच्या दोन जाती होत्या. एक पुसा रुबी, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची जुनी जात. फळ चपटं, जरा कंगोरेदार, आंबट, पातळ सालीचं. लहानपणी आम्ही गावरान म्हणून खायचो त्याच्या जवळचं. दुसरं लांबट फळाचं हायब्रीड, बाजारात मिळतं तसलं. पुसा रुबीची सहा रोपं, हायब्रीडची चार.

रोपं पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर बादल्यांत लावली. त्या वर्षी ऑगस्ट अगदी कोरडा गेला, त्यामुळे रोपं कुजली नाहीत. सप्टेंबरच्या पावसात पहिली फुलं गळली. मग बांबूच्या काठ्या रोवल्या, सुतळीने बांधलं, आणि ऑक्टोबरात झाडं छातीएवढी झाली. तोवर बाजारात टोमॅटोचे भाव कोसळलेही होते. नाशिककडे शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतल्याचे फोटो पेपरात येऊन गेले होते. ह्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, ते बरं केलं.

पहिली चार-पाच फळं ऑक्टोबरच्या शेवटी पिकली. लाल म्हणावीत तर लाल नव्हती, नारिंगी होती. ऑक्टोबर हीटमुळे तसं होतं हे नंतर कळलं. तिशीच्या वर पारा गेला की टोमॅटोला लाल रंग नीट धरत नाही. चव मात्र छान होती. मी दोन फळं समोरच्या काकूंना दिली. त्या सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांनी तिथेच दारात एक चिरून मीठ लावून खाल्लं.

दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी जुन्नर तालुक्यात गेलो. 10 नोव्हेंबरला निघालो, भाऊबीज करून 16 ला परत. एवढे दिवस पाण्याचं काय, हा प्रश्न होता. काकू आपणहून म्हणाल्या, "मी घालीन गं, त्यात काय." मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली, पण मी नको म्हटलं नाही. गावी नारायणगावजवळ माझा मामा टोमॅटो करतो. भाऊबिजेला तो आला होता. मी त्याला मोबाइलवर माझ्या झाडांचे फोटो दाखवले. दोन एकरवाल्याला दहा बादल्यांचे! त्याने चष्मा लावून एकेक फोटो नीट बघितला आणि म्हणाला, "माल चांगला धरलाय." मी दिवसभर खुशीत होते.

16 तारखेला गुरुवार होता. घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. बॅगा दारात टाकून मी टॉर्च घेऊन गच्चीवर गेले. झाडांनी माना टाकल्या होत्या. माती बादलीच्या कडेपासून सुटली होती, फटीत बोट जाईल इतकी. माझा जीव कळवळला. मी गच्चीच्या नळाखाली बादली लावली आणि प्रत्येक झाडाला अर्धी-अर्धी बादली ओतली. खालून पाणी वाहायला लागलं तरी ओतत राहिले. सकाळी परत घातलं. संध्याकाळी परत. झाडं अशक्त झाली असतील म्हणून मूठभर गांडूळ खत आणि चिमूटभर युरियाही टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी झाडं ताठ उभी होती. मी ह्यांना वर बोलावून दाखवलं.

शनिवारी सकाळी पहिला तडकलेला टोमॅटो दिसला. देठापासून खाली एक उभी चीर, चाकूने मारल्यासारखी. आत ओला गर दिसत होता. वाटलं, एखाद्या पक्ष्याने चोच मारली असेल. रविवारी सकाळी गेले तर ओळीने तडकलेले. पतपेढीत हिशेबाचं काम केलेलं असल्यामुळे मला मोजायची खोड आहे. रंगावर आलेली 29 फळं होती, त्यातली 17 फुटली होती. काहींना एक चीर, काहींना तीन-चार, देठापासून ताऱ्यासारख्या. दोन फळांना चिलटं लागली होती. त्या रविवारी वर्ल्डकपची फायनल होती. रात्री सामना हरल्यावर सगळी बिल्डिंग गप्प झाली. मी सकाळपासूनच गप्प होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला बरं वाटत नाही. सोमवारी काकू जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "काकू, झाडांना पाणी जरा जास्त झालं वाटतं."

"नाही गं, मी एकेक तांब्याच घालत होते. भरलेली कळशी उचलवत नाही मला."

"हो, पण एखाद दिवशी राहिलं असेल, मग दुसऱ्या दिवशी एकदम घातलं असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि "असेल बाई" म्हणून आत गेल्या. त्यानंतर दोनेक महिने त्या चहाला आल्या नाहीत. मलाही बोलावायला तोंड नव्हतं. पण तेव्हा मी ते तसं मानत नव्हते, वाटत होतं की त्याच रुसल्यात.

पुढचा आठवडा मी उपायांत घालवला. कोणी म्हटलं बुरशी आहे, म्हणून कडुनिंबाचं तेल फवारलं. नर्सरीत गेले तर कॅल्शियम कमी पडलं म्हणून एक बाटली माझ्या गळ्यात मारली. अंड्यांची टरफलं कुटून घातली. ती मातीत विरघळायला महिनेच्या महिने लागतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. पाण्यात दूध मिसळून घातलं, त्याला मुंग्या आल्या. फळांना ऊन-वारा मिळावा म्हणून खालची आणि मधली पानं भराभर कापली. हे सगळ्यात वाईट केलं. पानांची सावली गेल्यावर दुपारचं ऊन थेट फळांवर आलं. खांद्याकडून ती पांढुरकी पडली, साल कडक झाली आणि तिथूनच नव्या चिरा निघाल्या.

त्यातच 26 नोव्हेंबरला, पुढच्याच रविवारी, पहाटे अवकाळी पाऊस आला. गडगडाटासकट. मी जुनं प्लास्टिकचं टेबलक्लॉथ घेऊन वर धावले, पण तोवर सगळं भिजलं होतं. सोमवारी आणखी फळं तडकलेली. या वेळी मात्र चिरा वेगळ्या होत्या. उभ्या नव्हत्या, देठाभोवती गोल होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठतात तशा. काही बारीक, काही उकललेल्या. दोन तऱ्हेच्या चिरा बघून माझं डोकं चालेना. शेवटी मामाला फोन लावला. खरं तर हे मी आठवडाभर टाळलं होतं. भाऊबिजेला एवढे फोटो दाखवल्यावर आता काय सांगायचं?

फोन उचलल्याबरोबर मी माझे टोमॅटो सुरू केले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "इकडंबी पाऊस झाला काल. निम्मा माल गेला." निफाडकडे तर गारांनी द्राक्षबागा झोडपून काढल्या होत्या, ते मी टीव्हीवर बघितलं होतं. तरी मामाला आधी विचारावं हे मला सुचलं नव्हतं. मला फोन ठेवावासा वाटला. त्यानेच विचारलं, "पाणी कसं देतीस?"

काय फवारलंस, कोणतं खत घातलंस, असलं काही त्याने विचारलं नाही. मी म्हटलं, रोज देते. तो म्हणाला, "दिवाळीत इथं होतीस तेव्हा?" मग काकूंचं सांगितलं. तांब्या-तांब्याचं सांगितलं. "आणि गेल्यावर तू काय केलंस?" मी सांगितलं. तो हसला नाही. "रातच्याला पाजलंस?" म्हणाला. मी हो म्हटलं.

मग त्याने जे समजावलं ते मला कळलं तसं सांगते. टोमॅटो हिरवा असतो तोवर त्याची साल गराबरोबर वाढते. एकदा रंग फिरायला लागला की साल ताणायची थांबते. गर मात्र पाणी मिळालं की फुगतोच. झाडाला ताण पडलेला असला, म्हणजे चार-पाच दिवस पाणी कमी पडलेलं असलं, तर साल आणखी घट्ट होते. आणि मग एकदम पाणी मिळालं की मुळं ते अधाशासारखी ओढतात. दिवसा पानांतून बरंच पाणी हवेत निघून जातं. रात्री पानं जवळजवळ बंद असतात, मुळं ओढतच असतात, तेव्हा पाण्याचा सगळा जोर फळावर येतो. म्हणून चिरा सकाळी दिसतात. ढगाळ दमट हवेतही तेच होतं.

मला एकदम उकडीचे मोदक आठवले. उकड ओलसर आहे तोवर पारी कितीही ओढा, ताणते. वाऱ्यावर सुकली की सारण जरा जास्त भरलं तरी पाकळीपाशी फाटते. फळाचंही तेच, फक्त इथे सारण आतून फुगत होतं.

गोल चिरांचंही त्याने सांगितलं. पावसाचं पाणी देठाच्या खळग्यात साठून राहतं. मुळांतून येतं ते वेगळं, फळ वरूनही थोडं पाणी पितं. मग खांद्यावर अशी वलयं पडतात. बुडाकडून काळी पडलेली दोन फळं होती, त्यांचंही मी विचारून घेतलं. ते कॅल्शियमचंच म्हणाला, पण मातीत कॅल्शियम नाही असं बहुतेक वेळा नसतं. पाणी कमी-जास्त झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. म्हणजे फिरून पाण्यापाशीच. शेतकरी बोरॉनही फवारतात, पण "तू त्याच्या नादी लागू नको" म्हणाला. बोरॉन लागतं अगदी चिमूटभर, आणि जरा जास्त झालं की झाडालाच बाधतं. युरियाचं ऐकून मात्र तो चिडला. नत्र जास्त झालं की पाला माजतो, फळ फुगतं आणि साल नाजूक राहते.

"वाफसा माहितीय ना?" तो म्हणाला. शब्द माहीत होता, लहानपणी घरात ऐकलेला. पाऊस झाल्यावर वडील म्हणायचे, अजून वाफसा नाही, पेरणी नको. जमीन चिखल नाही आणि कोरडीही नाही, मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, मातीत ओल आहे आणि हवाही आहे, तो वाफसा. मामाच्या शेतात ठिबक आहे, वर मल्चिंग पेपर आहे, मुळं खोल जातात, त्यामुळे वाफसा दिवसचे दिवस टिकतो. "तुझ्या बादलीत कुठला वाफसा राहायला? एक तर दुष्काळ नाहीतर पूर."

फोन ठेवल्यावर पहिली आठवण काकूंची झाली. रोज एक तांब्या. कमी होतं, पण रोज होतं. झाडं कोमेजली होती, मेली नव्हती, आणि एकही फळ फुटलं नव्हतं. फुटली ती मी आल्यावर. तरी मी लगेच त्यांच्याकडे गेले नाही. मनात म्हटलं, आधी खात्री करू. खरं म्हणजे लाज वाटत होती.

खात्री मी डिसेंबरात केली. वही घेतली. पुसा रुबीच्या चार बादल्या निवडल्या, चारही झाडांवर रंगाला टेकलेली फळं होती. दोन बादल्यांना रोज सकाळी सातला मोजून दीड लिटर पाणी. दोन उपाशी ठेवल्या, चार दिवस थेंब नाही. पाचव्या रात्री त्यांना पाच-पाच लिटर पाजलं, अगदी दिवाळीनंतर केलं तसं. हायब्रीडच्या एका बादलीचेही असेच हाल केले. तिसऱ्या सकाळी मोजलं. उपाशी पुसा रुबीच्या रंगावर आलेल्या 11 फळांपैकी 8 फुटली होती. रोज पाणी घातलेल्यांत 12 पैकी 1. हायब्रीडच्या 6 पैकी 1. आणि हिरवीगार फळं कुठल्याच बादलीत फुटली नव्हती. मामाला फोन करून हे आकडे सांगितले तर म्हणाला, "नुसतं विचारलं असतंस तरी सांगितलं असतं."

हायब्रीडचं मला तेव्हा कळलं. बाजारातल्या टोमॅटोला आपण रबर म्हणतो, प्लास्टिक म्हणतो. पण नारायणगावाहून वाशीच्या मार्केटपर्यंत क्रेटमध्ये एकावर एक बसून यायचं तर साल जाडच लागते. तडकलेलं एक फळ क्रेटमध्ये राहिलं तर त्याचं पाणी सुटून आजूबाजूची नासतात, म्हणून शेतावरच निवडताना ते बाजूला काढतात. पातळ सालीचं आंबट फळ हवं असेल तर ते फुटण्याचा धोकाही आपणच पत्करायचा. मी अजून पुसा रुबीच जास्त लावते. सारात त्याची सर हायब्रीडला नाही. चेरी टोमॅटो लहान असतात म्हणून फुटत नाहीत असं समजू नका. पुढच्या वर्षी मी ते लावले, ते तर टपाटप फुटतात.

प्रयोगानंतर जे बदललं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडेल. पाणी फक्त सकाळी. रोज घालायचंच असंही नाही. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर त्या दिवशी कमी. झाड फार कोमेजलं असेल तरी एकदम न पाजता आधी एक तांब्या, दोन-तीन तासांनी आणखी एक, बाकीचं दुसऱ्या दिवशी. मातीवर चार बोटं आच्छादन. त्यासाठी मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचा चोथा आणला. तो तसाच टाकू नका. मी टाकला, आणि सगळ्या सेक्टरच्या मुंग्या आमच्या गच्चीवर आल्या. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवून मग घालायचा. नाहीतर सरळ सुकी पानं. आमच्या रस्त्याला सोनमोहर आहेत, सकाळी झाडणाऱ्या मावशी पोतं भरून देतात. बादल्या काळपट रंगाच्या होत्या, उन्हात बाजूने तापायच्या आणि माती भाजून निघायची. त्यांना जुन्या पांढऱ्या गोणपाटाचे तुकडे गुंडाळले. एवढ्यानेही पाणी पुष्कळ कमी लागायला लागलं.

पानं कापणं बंद केलं. बगलफूट तेवढी काढते, मातीला टेकणारी दोन पानं काढते, बाकी सावली राहू देते. दुरुस्तीसाठी नळाचं पाणी बंद राहणार असल्याचा मेसेज आला की आदल्या दिवशी दोन डबे भरून ठेवते. पहिल्या वर्षी मी असल्या दिवशी झाडांना सुट्टी द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट पाजायचे.

सगळ्यात जास्त उपयोग लवकर खुडण्याचा झाला. टोमॅटो झाडावरच लालबुंद व्हायला हवा हा माझा हट्ट होता. बाजारातल्यापेक्षा वेगळं काय मग? पण बुडाकडून लाली चढायला लागली की तो खुडला तरी घरात चांगला पिकतो. फ्रिजमध्ये नाही, टोपलीत, देठाची बाजू खाली करून. चवीत मला तरी फारसा फरक कळला नाही, आणि ह्यांना तर अजिबातच नाही. अवकाळीची बातमी आली की मी रंगावर आलेली सगळी फळं आदल्या संध्याकाळी उतरवते.

तडकलेल्या फळांचं काय करायचं, हेही शिकावं लागलं. सुरुवातीला मी ती कोणाला दिसू नयेत म्हणून पिशवीत घालून गुपचूप ओल्या कचऱ्यात टाकायचे. तसं करायची गरज नव्हती. चीर ताजी असेल, वास नसेल, तर त्याच दिवशी सार करा, चटणी करा. चिरेत बुरशी धरली, चिलटं बसली, आंबूस वास आला, तर मात्र टाकायचं. नुसता तेवढा भाग कापून वापरू नका. बारीक चीर पडून तिथे तपकिरी खपली धरलेली असेल तर ते फळ खुशाल राहू द्या, ते नीट पिकतं. दिसायला वेडंवाकडं असतं एवढंच.

जानेवारीत संक्रांत आली. तिळगूळ घेऊन काकूंकडे गेले. वही बरोबर घेतली होती. का घेतली होती माहीत नाही, बहुतेक तोंडाने बोलवणार नाही म्हणून. तिळगूळ दिला आणि म्हटलं, "काकू, दिवाळीतले टोमॅटो तुमच्यामुळे नाही फुटले. मीच आल्यावर नको तेवढं पाणी घातलं."

काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं की. रात्री बादल्या सरकवत होतीस, माझ्या डोक्यावरच आवाज येत होता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू विचारायला आली नव्हतीस, सांगायला आली होतीस."

मग त्यांनी चहा ठेवला. वही त्यांनी उघडूनही बघितली नाही.

दुसऱ्या वर्षी, 2024 ला, मी घाई केली नाही. बी सप्टेंबरात टाकलं, रोपं ऑक्टोबरच्या अखेरीस बादल्यांत गेली. दिवाळीपर्यंत झाडं लहानच होती आणि फळं धरली ती थंडीत. कोकणातल्या हवेला हेच बरं पडतं. पावसाचा धोका कमी, आणि रंगही लाल धरतो. हंगामात फुटली ती मोजून 13, त्यातली 9 चेरीची. वहीत आहेत.

जानेवारीच्या शेवटी भाचीच्या लग्नाला पाच दिवस कोल्हापूरला जायचं होतं. पाण्याच्या बाटल्या मातीत उलट्या खोचून पाहिल्या, दोन तासांत रिकाम्या झाल्या. मग मेडिकलमधून सलाइनचे सेट आणले, त्यांचं चाक फिरवून थेंब-थेंब लावता येतं. पण पाच दिवसांत एखादा तुंबला तर? शेवटी काकूंनाच विचारलं. या वेळी गच्चीवरच पाण्याचे डबे भरून ठेवले होते, त्यांना फक्त तांब्या उचलायचा होता. गुडघ्यांचं मी विचारलं, तर म्हणाल्या, चढून गेलं की वर हवा छान असते.

परत आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. टॉर्च घेऊन वर गेले. झाडं थोडी मलूल होती. एका बादलीत बोट खुपसलं. वरून कोरडं होतं, दुसऱ्या पेरापाशी ओल लागली. नळ सुरू करायला हात गेला होता. तो तसाच मागे घेतला, प्रत्येक झाडाला एकेक तांब्या घातला आणि सकाळी सातचा गजर लावून झोपले.